पट्टी केव्हा सोडायची : कूपरँची एक रचना शिकताना

फ्रान्स्वा कूपरँ या फ्रेंच संगीतकाराने हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेली ‘ले बारिकाद मिस्तेरिएझ’ (गूढ अडथळे) ही रचना १७१७ साली पॅरिसमध्ये त्याच्या दुसऱ्या संग्रहात छापली गेली. वाजवायला ती दोन-अडीच मिनिटांची आहे. तिच्यात उठून दिसणारी, सहज गुणगुणता येईल अशी चाल जवळजवळ नाही, वेगाची चमक नाही, हातांना लांब झेपा घ्याव्या लागत नाहीत. तरीही ती एकदा लक्ष देऊन ऐकलेला माणूस तिला सहसा विसरत नाही. असे का होते, याचे उत्तर मला ती ऐकून मिळाले नव्हते. ती हळूहळू वाजवायला शिकत गेले तसतसे ते मिळत गेले, आणि तो सगळा प्रवास इथे जरा सविस्तर मांडावा असे वाटते.

माझे सुरुवातीचे शिक्षण पेटीवर झाले आणि पुढे काही वर्षे मी पियानो शिकले. नोकरीमुळे नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात राहायला आले, तेव्हा जुन्या युरोपीय संगीताशी माझा खरा परिचय झाला. या शहरात दर उन्हाळ्याच्या शेवटी जुन्या संगीताचा मोठा महोत्सव भरतो, आणि त्या काळातली वाद्ये वाजवणारी, शिकवणारी, बांधणारी मंडळी आसपासच्या गावांतून सहज भेटतात. त्यांच्यापैकीच एका ज्येष्ठ शिक्षिकेकडे मी हार्पसिकॉर्ड शिकू लागले. त्यांच्याकडचे वाद्य अठराव्या शतकातल्या फ्रेंच नमुन्यावर बांधलेले, दोन कीबोर्डांचे आहे. प्राथमिक धडे झाल्यावर कूपरँची हीच रचना मला शिकवा, अशी विनंती मी केली. रचना दिसते तितकी सोपी नाही, एवढेच सांगून त्यांनी ती मान्य केली.

हार्पसिकॉर्ड दिसायला पियानोसारखे असले तरी त्याचा नाद निघतो तो सतारीच्या जातीचा. पट्टी दाबली की तिच्या दुसऱ्या टोकावर उभी असलेली लाकडी पट्टिका, जिला जॅक म्हणतात, वर उचलली जाते आणि तिच्यात बसवलेली छोटी नखी तार छेडून जाते. जुन्या काळी ही नखी बहुधा कावळ्याच्या पिसाच्या देठापासून कापत; आता अनेक वाद्यांत डेलरिन या प्लॅस्टिकची असते. पट्टी सोडली की जॅक खाली येतो, नखी बसवलेली छोटी जीभ मागे कलून तारेला फारसा धक्का न लावता खाली सरकते आणि जॅकच्या माथ्यावरचा कापडाचा तुकडा तारेवर टेकून नाद थांबवतो. पट्टी कितीही जोराने दाबली तरी नखी तार जवळपास तितक्याच जोराने छेडते. पियानोवर बोटाच्या वजनाने एक सूर पुढे आणता येतो आणि दुसरा मागे ठेवता येतो. पेटीवर भात्याने नाद फुगवता येतो. इथे या दोन्ही वाटा बंद आहेत. सूर छेडला की त्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, सुरू होते आणि त्याच क्षणापासून तो विरूही लागतो. त्यानंतर वादकाच्या हातात एकच निर्णय उरतो, आणि तो म्हणजे पट्टी केव्हा सोडायची.

कूपरँला या मर्यादेची पूर्ण जाणीव होती. १७१३ च्या पहिल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने स्वच्छ लिहिले आहे की, हे वाद्य स्वरांच्या विस्तारात परिपूर्ण आहे, मुळातच तेजस्वी आहे, परंतु त्याचा नाद वाढवता किंवा कमी करता येत नाही. तेव्हा अपार कौशल्याला अभिरुचीची जोड देऊन जे कोणी या वाद्याला भावव्यक्तीसाठी समर्थ करतील, त्यांचा मी सदैव ऋणी राहीन. हे लिहिणारा माणूस पॅरिसच्या सँ-जेर्वे चर्चचा ऑर्गनवादक होता, १६९३ पासून चौदाव्या लुईच्या राजप्रार्थनागृहातही ऑर्गन वाजवत होता, आणि त्याने हार्पसिकॉर्डसाठी दोनशेहून अधिक रचना लिहिल्या. अडचण ओळखून तिच्यातूनच वाट काढण्याची त्याची जी रीत आहे, तिचा सर्वांत शुद्ध नमुना मला या रचनेत दिसतो.

रचनेचा आराखडा आपल्या कानाला ओळखीचा वाटेल असा आहे. ध्रुवपद, मग एक कडवे, पुन्हा ध्रुवपद, दुसरे कडवे, पुन्हा ध्रुवपद, तिसरे कडवे आणि शेवटी परत ध्रुवपद. फ्रेंच मंडळी याला रोंदो म्हणतात. सगळी रचना बी फ्लॅट मेजर या स्वरश्रेणीत आहे आणि ती कीबोर्डच्या मधल्या व खालच्या भागात वावरते. मी वापरलेल्या आवृत्तीत उजव्या हातासाठीसुद्धा बेस क्लेफ (खालच्या सुरांची खूण) छापलेला पाहून पहिल्यांदा मला आश्चर्य वाटले होते. चार स्वररेषा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, पण त्यांतले सूर एकाच वेळी येत नाहीत. बेसचा, म्हणजे सर्वांत खालचा, सूर आधी येतो, मधला त्यानंतर, वरचा ठोका चुकवून आणखी मागाहून, आणि प्रत्येक सूर पुढचे येऊन मिसळेपर्यंत धरून ठेवायचा असतो. ही रीत ल्यूट या बोटांनी छेडायच्या तंतुवाद्याकडून आलेली आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये दनी गोतिएसारख्या ल्यूटवादकांचा मोठा मान होता. ल्यूटवर एका तारेवरचा सूर दुमदुमत असतानाच दुसऱ्या तारेवर पुढचा सूर छेडला जातो आणि ते आपोआप एकमेकांत मिसळतात. शांबोनिएर, दांग्लबेर अशा हार्पसिकॉर्डवादकांनी ही पद्धत आपल्या वाद्यावर आणली आणि कूपरँपर्यंत ती चांगली मुरलेली होती.

शिक्षिकेने सुरुवातीला मला रचना लिहिल्याप्रमाणे वाजवूच दिली नाही. विखुरलेले सूर गोळा करून त्यांचे एकेक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, करायचे, आणि कोणतीही लय न धरता फक्त ते कॉर्ड एकामागून एक सावकाश वाजवायचे, असा तिचा आग्रह होता. कंटाळवाणे वाटणारे हे काम माझ्या दृष्टीने सगळ्या शिक्षणाचा पाया ठरले. कारण तसे वाजवल्यावर लक्षात आले की, या रचनेचा सांगाडा अगदी साधा आहे, आणि त्या साध्या सांगाड्यात कोणता ना कोणता सूर सतत मागे रेंगाळतो आहे. बाकीचे सूर नव्या कॉर्डमध्ये जातात, एक सूर जुन्याच जागी राहतो, तिथे तो परका ठरून घासू लागतो, आणि थोड्या वेळाने एक पायरी खाली उतरून नव्या कॉर्डमध्ये सामावतो. पाश्चात्त्य संगीतात याला सस्पेन्शन म्हणतात. एरवी रचनाकार ते चवीपुरते वापरतात. कूपरँने इथे संपूर्ण रचनाच सस्पेन्शनांवर उभी केली आहे. एकाचा निरास, म्हणजे ताणातून सुटका, होत असतो तोवर दुसऱ्याची तयारी झालेली असते.

आपल्या संगीतावर वाढलेल्या कानाला यात एक विलक्षण गोष्ट सापडते. आपल्याकडे तंबोऱ्यावरचा षड्ज स्थिर असतो आणि गाणाऱ्याचा सूर त्याच्यापासून दूर जातो किंवा जवळ येतो. सूर हलतो तेव्हा भाव बदलतो. इथे वरचा सूर जागचा हलतही नाही. त्याच्याखालची जमीन सरकते, आणि जो सूर क्षणापूर्वी निवांत होता तोच आता आर्जव करू लागतो. छेडला एकदाच गेलेला, विरत चाललेला एक सूर कोणी न शिवता दुसरा अर्थ घेतो, हे पहिल्यांदा बोटांखाली अनुभवले तेव्हा मी पुढे वाजवायचे थांबले आणि तीच जागा पुन्हा पुन्हा घेत राहिले. या रचनेचा स्वभाव मला त्या जागी कळला असे मी मानते.

कॉर्डांनंतर प्रत्येक स्वररेषा सुटी वाजवायची, मग दोन-दोन रेषांच्या जोड्या, मग तीन. या टप्प्यावर बोटे कशी घालायची हा प्रश्न गंभीर झाला. सूर धरून ठेवायचा तर बोट अडकते, आणि पुढच्या सुरासाठी तेच बोट हवे असते. यावर कूपरँचाच उपाय आहे. १७१६ साली त्याने हार्पसिकॉर्ड वाजवण्याच्या कलेवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात पट्टी दाबलेली असतानाच तिच्यावरचे बोट बदलण्याची युक्ती त्याने पुरस्कारली आहे. तिसरे बोट दाबून ठेवायचे, आवाज न करता चौथे त्याच पट्टीवर आणायचे आणि तिसरे मोकळे करायचे. त्याच पुस्तकात तो सांगतो की, स्पर्शाची मृदुता बोटे पट्ट्यांच्या जितकी जवळ राहतील तितकी वाढते, आणि उंचावरून आपटलेले बोट नखीकडून कोरडा, कठोर नाद काढते. पियानोच्या सवयीने उचलली जाणारी माझी बोटे पट्टीवर टेकलेली ठेवायला शिकणे, नखी तारेला भिडते तो सूक्ष्म अडथळा बोटाच्या टोकाला जाणवून देणे, आणि त्या अडथळ्यापलीकडे फक्त आवश्यक तेवढेच वजन टाकणे, यासाठी बराच वेळ द्यावा लागला. तो मी आनंदाने दिला, कारण त्या अडथळ्याशी बोटाची ओळख झाली की वाद्य अक्षरशः जवळ येते.

खरे काम मात्र पट्टी सोडण्याचे होते. हार्पसिकॉर्डवर नाद मोठा करण्याचा एकच मार्ग आहे. एका वेळी जास्त तारा वाजत्या ठेवणे. चार सूर धरले असतील तर वाद्य भरून येते, दोनच असतील तर ते विरळ होते. म्हणजे कोणता सूर किती काळ धरला यावरच लहान-मोठेपणा, जवळ-दूर, ताण आणि विसावा हे सगळे अवलंबून राहते. कूपरँने हे धरून ठेवणे कागदावर अतिशय काळजीपूर्वक लिहिलेले आहे. प्रत्येक रेषेच्या काड्या आणि जोडकमानी पाहिल्या तर कोणता सूर कुठवर चालू ठेवायचा ते वाचता येते. शिक्षिका मला एखादा बार (तालाचा एक खंड) वाजवायला लावून म्हणत असे की, आता दाबण्याकडे लक्षच देऊ नका, फक्त उचलण्याकडे द्या. सूर उचलला जातो त्या क्षणी कापड तारेवर टेकते, आणि चार सुरांतला एक बंद झाला की उरलेले तीन अचानक नव्याने ऐकू येतात. मधल्या रेषेतला एखादा सूर किंचित आधी सोडला, तर वरच्या सुरावर जणू प्रकाश पडतो, आणि कोणताही सूर जोराने वाजवलेला नसतो.

विसंवादी सूर आणि त्याचा निरास यांच्यातला संबंधही असाच सोडण्यातून घडतो. गाताना कोणीही विसंवादावर किंचित भर देईल आणि निरास हळुवार करेल. हार्पसिकॉर्डवर दोन्ही सूर सारख्याच जोराने छेडले जातात, म्हणून विसंवादी सूर निरासाच्या सुरात किंचित मिसळेपर्यंत धरायचा आणि मग अलगद सोडायचा, की निरासाच्या सुराची सुरुवातीची धार त्या जुन्या नादात बुडून जाते. ऐकणाऱ्याला दुसरा सूर हळू वाजल्याचा भास होतो. भास म्हटला तरी कानाच्या दृष्टीने ते खरेच असते.

कूपरँने १७१३ च्या संग्रहात अलंकारांचा जो तक्ता दिला आहे, त्यात दोन खुणा मला या संदर्भात फार मोलाच्या वाटतात. एका खुणेने सूर त्याच्या वेळेआधी तोडून थोडी शांतता ठेवायची असते. दुसरीने सूर त्याच्या वेळेनंतर किंचित उशिरा आणायचा असतो. १७१६ च्या पुस्तकात तो म्हणतो की, ज्या जागी गजाची वाद्ये आपला नाद फुगवतात, त्या जागी हार्पसिकॉर्डवर सूर उशिरा आणल्याने, उलट मार्गाने का होईना, कानाला हवी असलेली गोष्ट मिळते. नाद वाढवता येत नसेल तर त्याची वाट पाहायला लावायची, हा विचार मला थोर वाटतो. ‘ले बारिकाद’मध्ये वरची रेषा ठोका चुकवून येते, म्हणजे हा उशीर लयीतच विणलेला आहे, आणि म्हणून वेगळा उशीर करण्याचा मोह आवरावा लागतो. मी ध्रुवपदाच्या शेवटी क्वचित तेवढी मुभा घेते.

लयीचा प्रश्न सर्वांत जास्त चर्चिला जातो. रचनेच्या माथ्यावर कूपरँने ‘विव्हमाँ’, म्हणजे चैतन्याने, उत्साहाने, असे लिहिले आहे, परंतु ती पुष्कळदा संथ, स्वप्नाळू गतीत ऐकायला मिळते, विशेषतः पियानोवर. मीही सुरुवातीला तशीच वाजवत असे, कारण तिच्यातली हुरहूर मला संथ गतीत जास्त जाणवत होती. शिक्षिकेने गतीविषयी मत न देता एक प्रयोग करायला सांगितला : सस्पेन्शनचा सूर छेडायचा, धरायचा, आणि खालचा बेस बदलतो तेव्हा तो वरचा सूर अजून जिवंत आहे की नाही, हे डोळे मिटून ऐकायचे. संथ गतीत तो जवळजवळ संपलेला असे. बेस सरकत होता, पण घासण्यासाठी वर फारसे काही उरलेच नव्हते. गती वाढवली तसे ते घर्षण ऐकू येऊ लागले आणि रचना उजळली. पियानोवर जाड तारा आणि पेडल सुराला जास्त वेळ जगवतात, म्हणून तिथे संथ गती चालून जाते. हार्पसिकॉर्डवर गती तारेच्या आसेवरून ठरते, आणि कूपरँचा तो एक शब्द वादकाच्या सोयीसाठी लिहिलेला नाही, अशी माझी आता पक्की धारणा आहे. रचना खालच्या सुरांत का ठेवली आहे तेही याच प्रयोगात उमगले. लांब तारांची आस दीर्घ असते, आणि या सगळ्या विणकामाला तेवढी आस लागतेच.

शिक्षिकेच्या वाद्यावर तारांचे तीन संच आहेत : दोन एकाच उंचीचे आणि एक त्यांच्या वरच्या सप्तकातला. तिन्ही एकत्र केले तर भव्य नाद निघतो, पण या रचनेत त्याने चिखल होतो. वरच्या कीबोर्डचा संच तारेला टोकाजवळ छेडतो, म्हणून त्याचा नाद टोकदार, किंचित नाकातला. खालच्या कीबोर्डचा संच जरा आत छेडतो, म्हणून तो गोल. मी खालचा एकच संच निवडला. तारांवर चामड्याचे तुकडे टेकवून ल्यूटसारखा मऊ नाद काढण्याची सोयही असते, आणि ल्यूटच्या घराण्यातली रचना म्हणून ती वापरून पाहिली. तिने आसच कापली जाते, आणि आस गेली की या रचनेत काही राहत नाही.

सूर लावण्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण पेटीवर वाढलेल्या माझ्यासारखीला तो मोठा धडा होता. पेटीचा गांधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा चढा असतो, हे महाराष्ट्रात संगीत ऐकणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या आजच्या समान विभागणीत हा फरक सुमारे १४ सेंट इतका, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा पडतो. कूपरँच्या काळातल्या सूर लावण्याच्या पद्धती नेहमीच्या वापरातले गांधार शुद्धतेच्या जवळ ठेवत आणि त्याची किंमत पंचम किंचित उतरवून चुकवत. शिक्षिकेचे वाद्य तशाच एका पद्धतीने लावलेले असते. चार सूर सतत एकमेकांत मिसळत असताना चढा गांधार थरथरत राहतो आणि त्या थरथरीत सस्पेन्शनचे नाजूक घर्षण हरवते. गांधार शांत असेल तर विसंवाद आणि विसावा यांच्यातले अंतर स्पष्ट होते. ही रचना समान विभागणीतल्या वाद्यावर वाजवून पाहिली तेव्हा ती मला सपाट वाटली.

पहिली दोन कडवी आटोपशीर आहेत आणि ध्रुवपदाच्या ओघातच येऊन जातात. तिसरे कडवे मात्र लांब आहे आणि रचनेचा प्राण तिथे आहे. एकच आकृती पायरीपायरीने सरकत राहते, प्रत्येक पायरीवर नवे सस्पेन्शन येते, आणि पुढचा विसावा सतत एक पाऊल दूर ढकलला जातो. इथे प्रत्येक पायरी सारखी वाजवली तर यांत्रिक होते, आणि प्रत्येकीवर भावना ओतली तर ओघ तुटतो. मी केलेला उपाय असा की, सगळ्या पायऱ्यांची लय सारखी ठेवायची आणि मधले सूर धरण्याचा काळ हळूहळू वाढवत न्यायचा, म्हणजे नाद न सांगता भरत जातो आणि ध्रुवपद परत येते तेव्हा ते मोकळ्या जागेत आल्यासारखे वाटते. अलंकार मोजकेच आहेत, आणि ते लिहिले आहेत तिथेच घ्यावेत. १७२२ च्या तिसऱ्या संग्रहाच्या प्रस्तावनेत कूपरँने, लोक आपल्या खुणांकडे दुर्लक्ष करून वाजवतात, अशी नाराजी व्यक्त केली आहे. ती वाचल्यावर मनाने भर घालायची इच्छा उरत नाही.

याच सुमारास मी थॉमस अडेस या ब्रिटिश संगीतकाराने १९९४ साली केलेले या रचनेचे रूपांतर ऐकले. त्याने हे सूर क्लॅरिनेट, बेस क्लॅरिनेट, व्हायोला, चेलो आणि डबल बेस यांच्यात वाटून दिले आहेत. ही वाद्ये सूर खरोखरच धरू शकतात, त्यामुळे हार्पसिकॉर्डवर जे कानाने पुरे करून घ्यावे लागते, ते तिथे प्रत्यक्ष ऐकू येते. मधल्या रेषा स्वतंत्रपणे कशा चालतात, हे त्यातून मला जितके स्पष्ट झाले तितके कागदावरून झाले नव्हते. तरीही माझी आवड हार्पसिकॉर्डकडेच आहे. विरत जाणाऱ्या सुराचा उरलेला भाग ऐकणाऱ्याने मनात चालू ठेवायचा, ही मागणी या रचनेच्या घडणीतच आहे, आणि सूर पूर्णपणे पुरवले की ती मागणी संपते.

शीर्षकातले गूढ अडथळे म्हणजे नेमके काय, यावर अनेक तर्क झाले आहेत, काही शृंगारिक, काही संगीताच्या घडणीशी निगडित. कूपरँने खुलासा केलेला नाही, आणि वाजवताना त्याची गरज भासत नाही.

कूपरँचे संग्रह रचनांच्या गटांत विभागलेले आहेत; आता मी ‘ले बारिकाद’ ज्यात आहे त्याच सहाव्या गटातली, हिच्या लगेच पुढे छापलेली ‘ले बेर्जरी’ शिकते आहे. तीही बी फ्लॅटमध्येच आहे आणि तिची एक प्रत योहान सेबास्टियन बाखची पत्नी आना माग्डालेना हिच्या १७२५ च्या वहीत उतरवलेली सापडते. तिच्यात वर गाणारी स्पष्ट चाल आहे आणि ल्यूटची वीण डाव्या हातात गेली आहे. ‘ले बारिकाद’मध्ये दोन्ही हात मिळून जे करत होते ते आता एकट्या डाव्या हाताने करायचे आहे, तेही उजव्या हातातल्या चालीला कुठेही न अडवता, त्यासाठी कोणत्या सुरावर बोट बदलायचे, याच्या खुणा सध्या मी कागदावर पेन्सिलीने करते आहे.